जीआरईचा इश्यू निबंध: टेम्पलेटमधलं काय ठेवायचं, काय फेकायचं

परदेशात मास्टर्स किंवा पीएचडीच्या प्रवेशासाठी देतात त्या जीआरई परीक्षेची तारीख घेतली की आठ-पंधरा दिवसांत कुणाकडून तरी मोबाइलवर एक पीडीएफ येते. नाव असतं ‘एडब्ल्यूए टेम्पलेट, ५.० गॅरंटीड’ किंवा तसंच काहीतरी. एडब्ल्यूए म्हणजे या परीक्षेतला लेखनाचा विभाग. आत दीड-दोन पानांचा निबंध आणि मधे मधे टिंबं. टिंबांच्या जागी विषय घालायचा, बाकीचं पाठ करायचं. शाळेत ‘गाळलेल्या जागा भरा’ सोडवायचो, तसाच प्रकार.

ती पीडीएफ वाचण्याआधी ती कधीची आहे ते बघा. २२ सप्टेंबर २०२३ पासून जीआरई १ तास ५८ मिनिटांची झाली. लेखनाच्या विभागात ‘अ‍ॅनलाइझ अ‍ॅन इश्यू’ हा एकच निबंध उरला: दिलेल्या विधानावर आपली भूमिका मांडायची, त्याला ३० मिनिटं. ‘आर्ग्युमेंट’ निबंध त्याच दिवशी बंद झाला, पण त्याची टेम्पलेटं अजून फिरताहेत आणि कुणी ना कुणी ती मन लावून घोकतंय. एमबीएच्या प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेचीही तीच गत. तिची ‘फोकस एडिशन’ ही नवी आवृत्ती आल्यावर तिथला निबंधच गेला, जुन्या पीडीएफ तेवढ्या मागे राहिल्या.

टेम्पलेट वापरू नका, असं इथे सांगायचं नाही. अर्ध्या तासात अनोळखी विषयावर परक्या भाषेत लिहायचं तर काहीतरी आधी ठरलेलं हवंच. प्रश्न एवढाच की ठरलेलं काय असावं. पीडीएफवाले वाक्यं ठरवून देतात. पण परीक्षेत वेळ खातात ते निर्णय: बाजू कोणती घ्यायची, उदाहरण कोणतं, विरुद्ध मुद्दा कुठे घालायचा. तयारी त्यांची हवी.

गुण कसे पडतात

निबंधाला ० ते ६ गुण, अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायरीने. एक प्रशिक्षित परीक्षक वाचतो आणि ईटीएसचा, म्हणजे जीआरई घेणाऱ्या संस्थेचा, ‘ई-रेटर’ हा संगणकी प्रोग्रामही गुण देतो. दोघांचे गुण जवळपास असले की सरासरी काढतात. फरक जास्त असला तर दुसरा माणूस वाचतो आणि मग त्या दोन माणसांची सरासरी धरतात. शेवटचा शब्द माणसाचा, हे लक्षात असू द्या.

मशीनला जड शब्द आणि लांब वाक्यं आवडतात, असं टेम्पलेट विकणारे सांगतात. त्यात थोडं तथ्य होतं. एमआयटीचे लेस पेरलमन आणि काही विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये ‘बेबल’ नावाचा प्रोग्राम बनवला. दोन-तीन शब्द दिले की तो भारदस्त पण निरर्थक निबंध तयार करायचा, आणि अशा निबंधांना मशीनकडून उत्तम गुण मिळाले. ही गोष्ट क्लासमध्ये रंगवून सांगितली जाते. मात्र पुढे ईटीएसच्याच संशोधकांनी असे निबंध ओळखण्याची चाचणी तयार केली, हे सहसा सांगत नाहीत. शिवाय खऱ्या परीक्षेत माणूसही वाचतो, आणि निरर्थक मजकूर त्याला पहिल्या चार ओळींत कळतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. निबंधांतलं साम्य शोधण्यासाठी ईटीएस सॉफ्टवेअर वापरतं. तुमचा मजकूर इतर निबंधांशी असाधारण जुळला, किंवा श्रेय न देता कुठून उचललेला आढळला, तर गुण रद्द करण्याचा अधिकार त्यांनी नियमांत राखून ठेवला आहे. आणि एकट्या निबंधाचे गुण रद्द होत नाहीत. व्हर्बल (भाषा) आणि क्वांट (गणित) या विभागांसह अख्खा निकाल जातो. क्वांटमध्ये १७० पैकी १७० आले असले तरी. एकाच क्लासच्या बॅचमधल्या साठ जणांनी एकच प्रस्तावना लिहिली तर साम्य दिसणारच. चॅटबॉटकडून टेम्पलेट बनवून घेतलं तरी तीच अडचण, कारण तुमच्यासारख्या हजारोंनी त्याला तोच प्रश्न विचारलेला असतो.

एक नमुना फाडून बघू

अशा पीडीएफमधली प्रस्तावना साधारण अशी असते:

‘द टॉपिक ऑफ … हॅज ऑलवेज बीन अ मॅटर ऑफ हीटेड डिबेट. व्हाइल सम पीपल फर्मली बिलीव्ह दॅट …, अदर्स आर ऑफ द ओपिनियन दॅट …. आफ्टर केअरफुली अ‍ॅनलायझिंग बोथ साइड्स ऑफ द कॉइन, आय स्ट्राँगली बिलीव्ह दॅट …, अ‍ॅज विल बी डिस्कस्ड इन द फॉलोइंग पॅराग्राफ्स.’

टिंबं सोडून ४३ शब्द. मिनिटाला २५ शब्दांच्या वेगाने पावणेदोन मिनिटं गेली आणि अजून एकही मुद्दा नाही. पहिलं वाक्य बहुतेक विषयांना खोटं ठरतं, कारण सगळ्याच विषयांवर लोक हमरीतुमरीवर येत नाहीत. दुसऱ्या वाक्यात प्रश्नच उलटसुलट करून दोनदा उतरवला जातो, आणि प्रश्न तर परीक्षकाला माहीतच आहे. तिसऱ्यात मत येतं, पण फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच. शेवटचा तुकडा तर काढला काय, ठेवला काय.

आणखी एक बिघाड होतो. पाठ केलेलं इंग्रजी गुळगुळीत असतं आणि त्यापुढे स्वतःचं साधं, अडखळणारं इंग्रजी सुरू होतं. गोधडीला पैठणीचा काठ लावल्यासारखं दिसतं, आणि जोड नेमका कुठे आहे ते वाचणाऱ्याला बोट ठेवून दाखवता येतं.

म्हणून प्रत्येक पाठ वाक्याला एक कसोटी लावा. वाक्यातून विषय काढून टाका. ते वाक्य दुसऱ्या कुठल्याही विषयाच्या निबंधात जसंच्या तसं चालेल का? चालत असेल तर ते वाक्य काम करत नाही. ‘फॉर इन्स्टन्स’, ‘हाउएव्हर’, ‘दॅट सेड’ असे दोन-तीन शब्दांचे सांधे याला अपवाद. ते सगळ्यांच्याच लिखाणात असतात, खुशाल वापरा.

पाच निर्णयांचा सांगाडा

प्रश्न वाचल्यावर कागदावर, शब्दशः कागदावर, या पाच गोष्टींची उत्तरं तीन-चार शब्दांत लिहायची. क्रम बदलायचा नाही.

१. विधानातला टोकाचा शब्द कोणता? मस्ट, ओन्ली, ऑलवेज, बेस्ट, मोस्ट, शुअरली यांपैकी एक तरी बहुतेक वेळा असतो. निबंध तिथूनच उघडतो.

२. कोणत्या परिस्थितीत विधान खरं ठरतं? उदाहरणासकट.

३. कुठे ठरत नाही? हेही उदाहरणासकट.

४. दोन्ही मिळून माझं म्हणणं काय? एकच वाक्य, आणि त्यात ‘जेव्हा’, ‘तोवर’, ‘एवढ्यापुरतं’ असा एखादा शब्द हवा.

५. प्रश्नाखालची सूचना काय मागते आणि ते कोणत्या परिच्छेदात देणार?

चौथ्यात सगळ्यात जास्त जण घसरतात. ‘दोन्ही बाजूंत तथ्य आहे’ ही भूमिका नाही, ती भूमिका टाळणं आहे. ‘अमुक असेल तर हो, तमुक असेल तर नाही, कारण ढमुक’ ही भूमिका.

यावर उभा राहणारा निबंध साधारण असा: प्रस्तावना ६०-७० शब्द, मधले तीन परिच्छेद प्रत्येकी १२०-१४०, शेवट ४०-५०. एकूण ४६० ते ५४०. ईटीएसने शब्दमर्यादा घातलेली नाही, पण ३०० शब्दांत तीन मुद्दे पुरेसे फुलवणं जवळपास अशक्य आहे.

मधल्या परिच्छेदाचे तीन भाग: दावा, उदाहरण, ‘म्हणून काय’. तिसरा भाग हटकून राहतो. उदाहरण सांगून झालं की परिच्छेद संपवतात, आणि त्याचा मूळ विधानाशी संबंध परीक्षकाने स्वतः लावावा अशी अपेक्षा असते. तो लावत नाही.

सहा सूचना, आणि सांगाडा कुठे वाकवायचा

विषयाखाली एक सूचना असते. ती सहा प्रकारांपैकी एक असते, आणि गुण देताना ‘दिलेल्या सूचनेनुसार भूमिका मांडली का’ हेही बघतात. पाठ टेम्पलेट नेमकं इथे अडकतं, कारण ते सहाही प्रकारांना एकच उत्तर देतं.

कितपत सहमत, आणि विधान कधी खरं ठरेल, कधी नाही: वरचा सांगाडा जसाच्या तसा चालतो.

शिफारस दिलेली असते: इथे ठोस परिस्थिती मागितलेली असते. ‘काही वेळा फायदा होतो’ पुरत नाही. कुणाला, कुठे, कशामुळे ते लिहावं लागतं.

दावा, आणि तुमच्या मताला आव्हान देणारी सर्वांत प्रबळ कारणं विचारात घ्या: तिसरा परिच्छेद पूर्ण विरोधकाला द्या आणि त्याला बळकट करा. एका फुंकरीत उडणारा विरोधक उभा केला की सूचनेतला ‘प्रबळ’ हा शब्द वाचलाच नाही, हे उघड होतं.

दोन मतं दिलेली असतात: दोन्हींवर लिहायलाच हवं. आपल्या पसंतीच्या मतावरच सगळा निबंध खर्च करण्याची चूक फार होते.

धोरण दिलेलं असतं: परिणाम लिहा. चांगलं-वाईट नंतर, आधी हे लागू केलं तर दुसऱ्या दिवशी काय होईल, पाच वर्षांनी काय होईल.

दावा आणि त्याचं कारण, दोन वेगळ्या ओळींत: यात सगळ्यात जास्त गुण सांडतात. ईटीएसच्या विषययादीत असा एक प्रश्न आहे. दावा: कुठल्याही क्षेत्रात सत्तेवरच्यांनी पाच वर्षांनी पायउतार व्हावं. कारण: नव्या नेतृत्वाने येणारं नवचैतन्य हाच यशाचा खात्रीचा मार्ग. विद्यार्थी पाच वर्षांवर भरभरून लिहितात आणि कारणाकडे ढुंकूनही बघत नाहीत. इथे एक परिच्छेद कारणासाठी राखूनच ठेवायचा: नव्या माणसाने नवचैतन्य येतंच का? आणि आलं तरी त्यासाठी मुदत पाचच वर्षांची का? दावा पटला तरी कारण चुकीचं असू शकतं. हे दाखवलं की निबंध तिथेच वर चढतो.

एक विषय हातात घेऊन

त्याच यादीतला दुसरा विषय: समाजाची सर्वांत महत्त्वाची वैशिष्ट्यं समजून घ्यायची तर त्याच्या मोठ्या शहरांचा अभ्यास केलाच पाहिजे. सूचना पहिल्या प्रकारची धरू.

टोकाचे शब्द दोन: ‘सर्वांत महत्त्वाची’ आणि ‘केलाच पाहिजे’.

कुठे खरं? मुंबईच्या कापडगिरण्या. १८५० च्या दशकात पहिली गिरणी निघाली, १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. भारतातला उद्योग, कामगार आणि भांडवल यांचं नातं कसं बदललं हे कळायला गिरणगाव बघावंच लागतं.

कुठे नाही? उत्तर त्याच उदाहरणात दडलेलं आहे. गिरणी कामगारांतला मोठा हिस्सा कोकणातून, विशेषतः रत्नागिरी भागातून आलेला. बायकापोरं गावी, पगारातून मनीऑर्डर, गणपतीला आणि शिमग्याला गावाकडे. संपात कामगार इतके महिने कसे तगले, हे समजायचं तर गावाकडची शेती आणि घर बघावं लागतं. शहर समजायलाच गाव लागतं.

आणखी एक, पूर्ण गावाकडचं: रोजगार हमी योजना. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात ती मोठ्या प्रमाणावर राबवली गेली, १९७७ मध्ये राज्याने तिचा कायदा केला, आणि २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यामागे तो अनुभव होता. काम मागण्याचा हक्क ही या समाजाची एक महत्त्वाची कल्पना, आणि ती कुठल्या महानगरात फिरून सापडत नाही.

भूमिका, एका वाक्यात: समाजात काय घडून आलं ते मोठ्या शहरात दिसतं, ते का घडलं याचं उत्तर जेव्हा बाहेर असतं, तेव्हा फक्त शहराचा अभ्यास दिशाभूल करतो.

आता परिच्छेदांचा क्रम बघा. पहिला: गिरण्या, विधानाच्या बाजूने. दुसरा: त्याच गिरण्या, कोकणातून बघितलेल्या. तिसरा: रोजगार हमी, आणि ‘सर्वांत महत्त्वाची वैशिष्ट्यं’ कोण ठरवणार हा प्रश्न. वापरून झालेलं उदाहरण दुसऱ्या परिच्छेदात उलटं फिरवलं की दोन परिच्छेद आपोआप जोडले जातात. ‘सेकंडली’, ‘थर्डली’ अशी शिडी लावावी लागत नाही.

परीक्षकाला गिरणगाव माहीत नसणार. म्हणून पहिल्यांदा नाव आलं की अर्ध्या ओळीत ओळख द्या: मुंबईतला कापडगिरण्यांचा भाग. संप म्हटलं की वर्ष. एवढं पुरतं, इतिहास सांगत बसू नका. या परीक्षेत विषयाचं ज्ञान तपासत नाहीत, विचार तपासतात.

उदाहरणांची पेटी

वाक्यं पाठ करण्यात जाणारे दिवस इथे घाला. आठ ते दहा उदाहरणं पुरतात. अट एकच: त्या गोष्टीवर तुम्हाला कागद न बघता तीन मिनिटं बोलता आलं पाहिजे.

गांधीजी, आइन्स्टाइन, स्टीव्ह जॉब्स ही उदाहरणं वाईट नाहीत, पण त्यांच्याबद्दल तुम्हाला ठाऊक असलेले तीन तपशील बाकी सगळ्यांनाही ठाऊक असतात, त्यामुळे लिहिलेलं सगळ्यांसारखंच होतं. त्यापेक्षा आपल्या आसपासचं आणि आपल्या शाखेतलं घ्या. सिव्हिलवाल्याने १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर सुरू झालेल्या कोकण रेल्वेबद्दल लिहावं. पर्यावरणात रस असणाऱ्याकडे पश्चिम घाटावरचा २०११ चा गाडगीळ समितीचा अहवाल आणि त्याला झालेला स्थानिक विरोध असावा. अपयश, जोखीम, संशोधनावरचा खर्च यांसाठी चांद्रयान: २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा लँडर उतरताना कोसळला, २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं.

प्रत्येक उदाहरणासाठी पोस्टकार्डाएवढा एक कागद. त्यावर चारच गोष्टी: काय घडलं (दोन वाक्यं), एक नेमकं वर्ष किंवा आकडा, कोणत्या बाजूला झुकतं, आणि उलट बाजूला कसं वळवता येईल. चौथी सुचत नसेल तर ते उदाहरण तुम्हाला अजून पुरतं माहीत नाही.

वळवणं म्हणजे काय ते एका उदाहरणावर बघा. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. विषय ‘नेते लोकांच्या मागणीतून घडतात’ असा असेल तर मुद्दा हा की मागणी नव्हतीच. उलट अंगावर शेण-चिखल आला आणि मागणी नंतर तयार झाली. विषय ‘सरकारने सगळ्यांना एकच अभ्यासक्रम द्यावा’ असा असेल तर मुद्दा वेगळा: व्यवस्थेने ज्यांना बाहेर ठेवलं, त्यांच्यासाठी सुरुवात व्यवस्थेबाहेरून झाली, म्हणून एकच अभ्यासक्रम असावा का, यापेक्षा तो ठरवताना कोण खोलीत होतं हे विचारायला हवं. प्रसंग तोच, पण परिच्छेदातलं ‘म्हणून काय’ पूर्ण बदललं. तेच न बदलता चिकटवलं तर नदीवरच्या निबंधात गाय आणून बांधल्यासारखं होतं.

हार्वर्डच्या नावावर खोटा सर्व्हे ठोकून देऊ नका. ‘७८ टक्के लोकांना वाटतं’ असल्या वाक्याने पटत तर काही नाहीच, वर तपशील कमी पडल्याचं उघड होतं. तोंडपाठ सुविचारांचंही तेच.

तीस मिनिटांची वाटणी

पहिली दोन मिनिटं वाचायला: विधान दोनदा, सूचना तीनदा. पुढची चार मिनिटं त्या पाच निर्णयांना. मग वीस मिनिटं लिहायला, शेवटची चार तपासायला.

लिहिताना सगळ्यात आधी भूमिकेचं एक वाक्य वर टाइप करा आणि थेट मधल्या परिच्छेदांवर या. प्रस्तावनेची उरलेली दोन वाक्यं शेवटी घाला. तोवर आपण नक्की काय म्हटलंय ते कळलेलं असतं. कट-पेस्ट आणि अनडू मिळतं. स्पेलचेक मिळत नाही, व्याकरणाच्या चुकांखाली लाल रेघही येत नाही. दोन परिच्छेदांमधे एक ओळ मोकळी सोडा.

वेगाचा हिशेब करून ठेवा. बघून टाइप करताना मिनिटाला ३५ शब्द पडत असतील तर विचार करत लिहिताना २०-२५ पडतात, म्हणजे वीस मिनिटांत ४०० ते ५००. मोबाइलवर दोन अंगठ्यांनी वाऱ्यासारखं लिहिणारे कीबोर्डवर बसले की बोटं शोधत राहतात. वेग ३० च्या खाली असेल तर रोज पंधरा मिनिटं टाइपिंगचा सराव हा निबंधाच्या तयारीचाच भाग समजा. कुठल्याही टेम्पलेटपेक्षा त्याने जास्त शब्द पदरात पडतील.

शेवटची चार मिनिटं: मराठीतून आलेल्या चुका

सगळा निबंध परत वाचायला वेळ नसतो. आपल्या ठरलेल्या चुका शोधायच्या आणि तेवढ्याच.

मराठीत ‘अ’ आणि ‘द’ नाहीत, म्हणून ते गळतात. एकवचनी नामांवरून नजर फिरवा. ‘माझ्या मते’ डोक्यात असल्याने ‘अकॉर्डिंग टू मी’ उतरतं. ते खोडा, मत तुमचंच आहे हे उघड आहे. ‘बद्दल’मुळे ‘डिस्कस अबाउट’ होतं, नुसतं ‘डिस्कस’ हवं. ‘जरी… तरी’ या जोडीमुळे ‘ऑलदो’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘बट’ही येतं, दोनांतलं एक काढा. ‘वन ऑफ द’नंतर अनेकवचन हवं. ‘ज्यामुळे’मुळे ‘ड्यू टू विच’ची आगगाडी होते; तिथे पूर्णविराम देऊन नवं वाक्य सुरू करा. आणि ‘च’साठी जागोजाग पेरलेला ‘ओन्ली’ उपटून टाका.

‘प्लेथोरा’, ‘मिरियड’, ‘पॅराडाइम’ हे तीन शब्द एकाच निबंधात आले असतील तर दोन बदला.

तीन आठवड्यांचा सराव

इश्यूच्या विषयांची पूर्ण यादी ईटीएसच्या संकेतस्थळावर फुकट आहे. प्रश्न तिथूनच येतो. सगळ्या विषयांवर निबंध लिहायच्या फंदात पडू नका.

पहिल्या आठवड्यात एकही निबंध लिहायचा नाही. रोज पाच विषय, प्रत्येकाला घड्याळ लावून सहा मिनिटं: दोन वाचायला, चार निर्णयांना. आठवड्याअखेर पस्तीस आराखडे होतात. त्यात कोणत्या विषयांना तुमच्या पेटीत उदाहरणच नाही ते दिसतं. बहुतेकांच्या पेटीत कला आणि संस्कृतीचा कप्पा रिकामा निघतो. तो भरा.

दुसऱ्या आठवड्यात चार पूर्ण निबंध, वेळ लावून, स्पेलचेक बंद करून. दुसऱ्या दिवशी प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने ‘व’ किंवा ‘क’ लिहायचं: ‘व’ म्हणजे याच विषयाचं, ‘क’ म्हणजे कुठेही चालेल असं. पंचवीस वाक्यांत पाचांपेक्षा जास्त ‘क’ असले तर टेम्पलेट अजून डोक्यात बसलंय. ती वाक्यं काढून निबंध पुन्हा वाचा. बहुतेक वेळा काहीही बिघडत नाही, आणि तेच शिकायचं असतं.

तिसऱ्या आठवड्यात निबंध सुटा लिहू नका. निबंधापासून सुरू करून पूर्ण चाचणी द्या, दोनदा. ईटीएसने प्रत्येक गुणाचे नमुना निबंध परीक्षकांच्या टिपणीसह दिलेले आहेत. त्यातला ६ चा वाचून भारावण्यापेक्षा ४ चा आणि ५ चा शेजारी ठेवून फरक शोधा.

आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथल्या निबंधाला, म्हणजे टास्क २ ला, ४० मिनिटं सुचवलेली असतात आणि किमान २५० शब्द हवेत. तिथल्या गुणांच्या निकषांत स्पष्ट आहे की अख्खं उत्तर पाठ केलेलं असल्याचा पुरावा असला तर बँड, म्हणजे गुण, शून्य. ‘व’ आणि ‘क’ची पेन्सिल तिथेही चालते, फक्त वाक्यं कमी असतात.

परीक्षेच्या दिवशी

निबंध हा पहिलाच विभाग असतो. बोटं गार, मन दुसरीकडे. घरून निघण्याआधी दहा मिनिटं कीबोर्डवर काहीही टाइप करून घ्या.

विषय वाचून डोकं सुन्न झालं तर पहिल्या निर्णयावर या: टोकाचा शब्द शोधा आणि कागदावर त्याला गोल करा. पुढचं तिथून सुटत जातं.

घड्याळात पाच मिनिटं उरली आणि तिसरा परिच्छेद अर्धाच असेल तर नवा मुद्दा सुरू करायचा नाही. हातातलं वाक्य पुरं करा, त्याला एक ‘म्हणून काय’ जोडा, आणि शेवट दोन वाक्यांत आटपा: भूमिका, आणि ती कोणत्या परिस्थितीत बदलेल ते. प्रस्तावना अजून एकाच वाक्याची असेल तर तशीच राहू द्या. वेळ संपली की लिहिलेलं आहे त्या अवस्थेत जमा होतं. आता मधे सुट्टी नाही. पुढच्याच स्क्रीनला व्हर्बल किंवा क्वांट सुरू होतं, तेव्हा निबंध तिथेच सोडून द्यायचा.